भिंतीचं पीठ

माझं नाव गिरजाबाई. मांजरेच्या काठाला जी पाणचक्की हाय, जिची एक बाजू पडलीय आणि जिच्यापुढं आता ती निळी पाटी लावलीय, तिच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. शिक्षण चौथीपर्यंत. पास झाले का न्हाई ते विचारू नका, चौथीत बसत होते एवढं खरं. मला गोड करून बोलता येत न्हाई. माझी सून म्हणते, आत्याबाई बोलल्या की कालवणात तिखट घालायची गरज न्हाई. तर जे हाय ते सांगते, तुम्ही लिहून घ्या, आणि घरी जाऊन त्याला साबण लावू नका.

पाणचक्की म्हणजे काय, हे आता पोरांना समजावून सांगावं लागतं. नदीला वरच्या अंगाला बंधारा होता, तिथून दगडी पाट काढलेला, पाटाच्या तोंडाला लाकडी फळी. फळी वर ओढली की पाणी जोरात यायचं आणि चक्कीच्या पोटात लोखंडी चाक होतं त्याच्यावर पडायचं, चाक फिरलं की वरच्या खोलीतले दगड फिरायचे. वर लाकडाच्या पेटीत दाणे ओतायचे, खाली पीठ पडायचं. इंजिन न्हाई, लाईट न्हाई. आवाज मात्र असा की खोलीतली माणसं एकमेकांशी हातानं बोलायची. मी अजून बोलताना हात हलवते, बघा.

ही चक्की निजामाच्या राज्यात एका गोऱ्या इंजिनेर साहेबानं बांधली. मी बघितला न्हाई त्याला, माझ्या बापानंबी बघितला न्हाई, बापाच्या बापानं बघितला. चक्कीच्या मालकाच्या आज्याची जमीन आणि साहेबाचं डोकं. ते लोखंडी चाक रेल्वेच्या टेसनावरनं बैलगाडीत आणलं, त्याच्यावर इंग्रजी अक्षरं उठवलेली होती. गावात कुणाला वाचता येत न्हवती. मग बायकांनी त्या अक्षरांनाच हळदीकुंकू लावायला सुरू केलं, दर दसऱ्याला नारळ, म्हणायच्या की चक्कीमायचा मंतर हाय. मागच्या हिवाळ्यात कॉलेजातल्या मॅडम आल्या, त्यांनी चिखल पुसून वाचलं, तर कारखान्याचं नाव आणि वजन निघालं. काय सांगू तुम्हाला, माझ्या आईनं त्या वजनाला नवस बोलला होता मला भाऊ व्हावा म्हणून. झाला न्हाई.

तर माझा बाप. त्याला मी अप्पा म्हणायची. अप्पा चक्कीत काय करायचा, सगळी गोष्ट इथंच हाय. चक्की चालवायला मिस्त्री वेगळा होता, उदगीरकडचा, मोठ्या मिशांचा. दगड गुळगुळीत झाले की त्याला टाकी लावायची, म्हणजे छिन्नीनं परत खरबरीत करायचा, ते मिस्त्री करायचा. पाणी किती सोडायचं ते मिस्त्री ठरवायचा. अप्पा झाडायचा. दळताना पीठ उडतं, ते भिंतीवर बसतं, वाशांवर बसतं, कोळिष्टकांवर बसतं, बोटभर थर व्हायचा. अप्पा तोंडाला फडकं बांधून शिडीवर चढायचा आणि शिंदीच्या झाडूनं भिंती झाडायचा. खाली पडल ते त्याचं. हीच मजुरी. वरती वर्षाला एक धोतर आणि आईला एक लुगडं. टाकी लावल्यावर पयलं दळण निघतं त्यात दगडाची कच असते, ते कुणी घेत न्हाई, तेबी आमच्याच घरी. आमच्या घरी कधी दाणा आला न्हाई, बाई. आमच्या घरी पीठच यायचं.

ते पीठ कसलं म्हणाल, तर सगळ्यांचं. ज्वारी, गहू, हरभरा, उडदाची टरफलं, सगळं एक. भाकर करड्या रंगाची व्हायची, मधी काळे ठिपके, आणि थापायला गेलं की फाटायची, म्हणून आई आधी उकड काढायची. खाताना दातात करकर. चव वाईट न्हवती, खोटं कामून बोलू. पण गावाला चवीशी देणंघेणं न्हवतं. गावाचं म्हणणं, ह्या भिंतीवर सगळ्या जातीचं पीठ हाय. मालकाच्या वाड्याचं हाय, तेल्याचं हाय, मुसलमानाच्या घरचं हाय, आणि म्हारवाड्याचं हाय. तवा म्हारवाडाच म्हणायचे, आता बौद्धवाडा म्हणतात आणि तेच बरोबर हाय. त्यांचं दळण दिवसाच्या शेवटी. दाण्याच्या पाट्या बाहेर ठेवायच्या आणि लांब बसायचं. त्यांचं झालं की अप्पानं दगडाला झाडू मारायचा, मग सकाळी मालकाची मूठभर ज्वारी टाकून दगड धुवायचा, म्हणजे कोरडाच फिरवायचा, त्याला धुणं म्हणायचे. ते धुतलेलं पीठबी आमच्या परातीत.

आता तुम्ही शिकलेल्या हाव, तुम्हीच सांगा. दगड तोच, वारा तोच, उडालेलं पीठ काय जात विचारून बसतं का, ते तर सगळ्यांच्याच पाट्यांत पडत होतं. सगळं गाव सगळ्या गावाचं खात होतं. पण गावानं ठरवलं, पाटीत पडलं ते चोख आणि भिंतीवर बसलं ते बाटलं. मग बाटलेलं खाणारे आम्ही. आमच्या घरचं पाणी कुणी प्यायचं न्हाई. आमच्या जातीतलेसुद्धा हळदीकुंकवाला आईला बोलवायचे आणि पान द्यायच्या आधी हिला काम सांगून माघारी लावायचे. नाव पडलं भिंतझाडे. अप्पाचं खरं आडनाव मास्तरलासुद्धा माहीत न्हवतं.

शाळेत दुपारी सगळे भाकरी सोडायचे. माझी भाकर निघाली की पोरं म्हणायची, गिरजे, आज कुणाकुणाच्या घरची ग. त्यात एक पोरगं हुशार होतं, ते ठिपके मोजून घरं सांगायचं, हा पाटलाचा, हा तेल्याचा. सगळे हसायचे. मी भाकर पदराखाली धरून खायला शिकले. वऱ्हांड्याच्या टोकाला कौसा बसायची, बौद्धवाड्यातली, तिला तिथंच बसायला सांगितलेलं होतं. मला कुणी सांगितलेलं न्हवतं, मी आपणहून टोकाला जायची. दोघीच असायचो तिथं. आणि मी तिच्याकडं पाठ करून बसायची. तिचीच ज्वारी माझ्या भाकरीत, आणि मला भ्या की हिच्या शेजारी बसलेलं दिसल. एकदा ती म्हणली, गिरजे, तुझी पाठ रोज बघून बघून मला पाठ झाली, तोंड कसं हाय तुझं. मी तशीच पाठ करून भाकर संपवली. चौथीत शाळा सोडली ती ह्या दुपारच्या सुट्टीपायी.

अप्पाची मला लाज वाटायची. तो घरी यायचा तो पांढरा, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, नाकातनं पीठ. बाजारात समोरनं आला तर मी गल्ली बदलायची. त्याला कळत होतं. मग तोच आधी गल्ली बदलायला लागला. हे मी आतापर्यंत कुणाला सांगितलं न्हाई, तुम्ही विचारलं न्हाई तरी सांगायले.

लगीन जवळ कुठं जुळलं न्हाई. जवळ सगळ्यांना भिंतझाडे माहीत. म्हणून अप्पानं मला लांब दिलं, आळंद तालुक्यात, मादन हिप्परग्याला. तिथं घरात अर्धी कन्नड, अर्धी मराठी. मी कन्नड बोलायला शिकले, ज्वारीची पांढरी भाकर थापायला शिकले. सासू म्हणायची, ही पोरगी पीठ चाळून चाळून अर्धं टाकून देती. टाकून देत न्हवते, काळा ठिपका दिसला की वेचत होते. नवऱ्यानं विचारलं, बाप काय करतो. मी म्हणले, चक्कीत हाय. पुढं त्यानं विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई.

नवरा गेला तवा शिवराज लहान होता. दिरांनी काही हाकलून दिलं न्हाई, पण जागा बी दिली न्हाई, म्हणून मी लेकराला घेऊन माहेरी आले. तोपर्यंत चक्की बंद पडली होती. आधी कमलनगरला इंजिनाची गिरणी आली, मग आमच्याच गावात लाईटची आली, बंधाऱ्यात गाळ भरला, पाट फुटला, मालकाची पोरं हैदराबादला गेली. अप्पा खोकून खोकून गेला. जायच्या आधी मी त्याला उदगीरला नेलं, तिथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून बघितला आणि विचारलं, हे कशानं झालंय, काय काम करत होतास. अप्पानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणले, शेतात. डॉक्टरच्या पुढंबी मी त्याला झाडू धरू दिला न्हाई.

शिवराज मोठा झाला आणि त्यानं काय काढावं, तर पिठाची गिरणी. बसथांब्यापाशी, लाईटची. मी नको म्हणले, किराणा काढ, टायर पंक्चर काढ, काहीबी काढ. पण त्याची चांगली चालली. बायका डबे आणून ओळीनं ठेवतात, ज्याचा नंबर त्याचं दळण, जात न्हाई, पात न्हाई. कौसाचाबी डबा ओळीत असतो. मी दारात स्टुलावर बसते, डब्यांकडं बघते. शिवराजला भिंतझाडे माहीत होतं, गावात कुणी ना कुणी सांगतंच. पण घरात त्या नावाचा उच्चार न्हाई.

मग मागच्या हिवाळ्यात त्या मॅडम पोरापोरींना घेऊन जीपनं आल्या. म्हणल्या, चक्कीचा इतिहास लिहायचाय, तिथं काम केलेल्या घराण्यातलं कोण हाय. शिवराज पुढं झाला. म्हणला, माझा आजोबा मुख्य मिस्त्री होता, टाकी लावायचा, पाणी सोडायचा, सगळी चक्की त्याच्या हातावर. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. एक शेंग फोडली, दुसरी फोडली. मॅडमनं माझ्याकडं बघून विचारलं, व्हय का आजी. मी म्हणले, शिवराज सांगतोय न.

त्या गेल्यावर मी त्याला म्हणले, कामून असं बोललास. तो म्हणला, अव्वा, माझी पिठाची गिरणी हाय. गिराईक पीठ हातात घेऊन बघतं, वास घेतं. भिंतझाड्याचा नातू म्हणलं तर कोण डबा ठिवल माझ्याकडं. मीच त्याच्या जागी असते तर तेच बोलले असते. त्याला हे शिकवायला लागलं न्हाई, माझ्या दुधातनंच गेलंय.

चक्कीपुढच्या निळ्या पाटीचा कार्यक्रम झाला. मांडव घातला, सरपंच आले, पाटीवरचं फडकं ओढलं. त्याच्यावर मराठीत आणि कन्नडमधी अप्पाचं नाव, खरं आडनाव लावून, आणि पुढं मुख्य मिस्त्री. जन्मात पयल्यांदा त्याचं आडनाव कुठं लिहिलेलं बघितलं, आणि ते खोट्याला जोडलेलं. मला माईक दिला. मी म्हणले, माझा बाप ह्या चक्कीत होता. तवर खुर्चीतनं बाबाराव म्हणला, हा मालकाच्या भावकीतला, माझ्याच वयाचा, शाळेत ठिपके मोजायचा तोच. तो हसत हसत म्हणला, कसला मिस्त्री, हा तर भिंत... आणि खोकला आला त्याला. तेवढ्यात शिवराजचं तोंड बघितलं मी. चुना फासल्यागत.

मॅडम म्हणल्या, अजून कुणाला जुनं आठवतंय का. मागनं कौसा उठली. काठी टेकत पुढं आली. मी मनात म्हणले, आता संपलं, आणि ती खरं बोलली तर चूक काय. ती माईकपाशी आली, बाबारावकडं बघितलं आणि म्हणली:

मिस्त्रीच होता. मी लांब बसून रोज बघत होते, मला बसायचंच काम होतं. तुझी आई दळायला गडी धाडायची, बाबाराव, तुला काय ठावं.

लोक हसले. बाबारावबी हसला. टाळ्या झाल्या. मी स्टेजवरून उतरले आणि सरळ घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. जन्म ह्या गावात, आणि तिच्या दारात पयल्यांदा. ती म्हणली, ये, समोरनं अशी दिसतीस व्हय. मी म्हणले, कौसे, कामून खोटं बोललीस. ती म्हणली, आमचं दळण झाल्यावर दगडाला झाडू मारायच्या वेळी चक्कीवरचे बाकीचे गडी आमच्याकडं बघून हसायचे, थुंकायचे. तुझा बाप खाली बघून झाडायचा. तेवढंच. एवढ्यावर मिस्त्री म्हणलं तर माझं काय झिजलं. मग म्हणली, आणि तुझ्यासाठी न्हाई बोलले, गैरसमज करून घेऊ नको. चहा केला तिनं. मी पिले. काही इशेष वाटलं न्हाई, चहासारखाच चहा होता, साखर जास्त.

आता पुढं ऐका. तेव्हापासनं कौसाचा डबा आला की शिवराज तो ओळीतनं उचलायचा आणि सगळ्यांच्या आधी दळून द्यायचा. तिनं तोंड उघडू नये म्हणून. पयल्या बारीला तिला कळलं न्हाई. दुसऱ्या बारीला ती बघत राहिली. मी सगळं बघत होते स्टुलावरनं. मग एका बाजारादिवशी गिरणीत गर्दी, डबे रस्त्यापर्यंत आलेले, कौसाचा डबा सगळ्यांच्या मागं, आणि शिवराजनं येऊन तो उचलला. तिनं काठी आडवी लावली. म्हणली, ठिव खाली.

तो म्हणला, माय, उन्हात कशाला थांबायलीस, देतो न पटकन.

ती म्हणली:

तुझ्या आज्याच्या चक्कीत माझा नंबर शेवटचा होता. तू पयला करायलास. माझा नंबर माझ्या डब्याच्या जागी हाय. तो आला की दळ.

गिरणी चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. एक नवीन सून होती, ती म्हणली, आज्जी, लवकर मिळायलंय तर घ्या की, कामून न्हाई म्हणायलाव. कौसानं काठी तशीच आडवी धरली. तिनं मला आणि मी तिला बघितलं. तिनं कारण सांगितलं नसतं, हे मला त्या घडीला पक्कं कळलं. ती मरेपर्यंत ओळीत उभी राहिली असती आणि सांगितलं नसतं. आणि हेच मला सोसलं न्हाई. मी स्टुलावरनं उठले, शिवराजला म्हणले, बंद कर ती मशीन. त्यानं केली. तो समजला होता, डोळ्यानं नको नको म्हणत होता.

मी म्हणले, माझा बाप मिस्त्री न्हवता. तो चक्कीच्या भिंती झाडायचा आणि आम्ही ते पीठ खायचो, तुमच्या सगळ्यांच्या घरचं. त्याला भिंतझाड्या म्हणायचे. पाटी खोटी हाय. ही कौसा माझी लाज झाकायला खोटं बोलली आणि माझं पोरगं तिचं तोंड बंद करायला तिला पुढं काढायलंय. एवढंच. तिचा डबा मागं ठेवा.

मला वाटलं, आता काहीतरी होईल. जन्मभर मी ह्या घडीला भ्यायले होते, स्वप्नात बघितलेली घडी ही. आणि काय झालं सांगू. ती नवीन सून म्हणली, बरं, मग आता माझा नंबर का ह्या मावशीचा. आणि कुणीतरी म्हणलं, शिवराज, सुरू कर रे बाबा, लाईट जाईल. त्यानं बटण दाबलं.

न्हाई, अगदीच काही झालं न्हाई असं न्हाई. बाबारावच्या सुनेनं आपला डबा गुपचूप उचलला आणि गेली, ती अजून आलेली न्हाई, कमलनगरहून दळून आणते म्हणे, जीपला पैसे घालून. शिवराज माझ्याशी कितीतरी दिवस बोलला न्हाई, सुनेमार्फत जेवायचं विचारायचा. मी मॅडमला फोन लावायला लावला, पाटी बदला म्हणले. त्या म्हणल्या, बघू, मंजुरी लागते. म्हणजे बदलणार न्हाईत. ऊन लागून रंग गेला तर गेला.

तुम्ही विचारलं, मग मन हलकं झालं का. न्हाई झालं. तवा अप्पाची लाज वाटायची, ती एका माणसाच्या वाक्यानं, माझा नंबर का ह्या मावशीचा, एवढ्यानं गेली. एवढीच होती ती. एवढ्याशा गोष्टीपायी मी बापाला गल्ली बदलायला लावली, डॉक्टरपुढं त्याचं काम लपवलं, आणि ज्या बाईनं माझं झाकलं तिच्याकडं शाळेत पाठ करून बसले. ही लाज आता कुठं न्यायची. ही काही डब्यागत ओळीत ठेवून कुणाकडून दळून मिळत न्हाई.

कौसा येते. दळण होईपर्यंत माझ्या शेजारी बसते. मी दुसरं स्टूल आणवलंय. आम्ही फार बोलत न्हाई, मशीनच्या आवाजात तिलाही ऐकू येत न्हाई आणि मलाही. तिची ज्वारी किती वाळलेली हाय ते मी हात घालून बघते, ती मला म्हणते, भोचक मेली.

आता उठा तुम्ही, शेवटची जीप चुकल. देव तुमचं भलं करो, बाई. लिहिताना अप्पाचं नाव लिहा, आडनावासकट, आणि पुढं लिहा, भिंती झाडायचा. शिवराजनं विचारलं तर सांगा, अव्वानं सांगितलंय.